बंदुकीतले शिसे, जाळ्यातले शिसे

केरीचा वाटसरू
रविवार, सकाळी ८.१०

मंडळी, ब्रिटनमध्ये शिकारीच्या शिशाच्या काडतुसांवर बंदी येते आहे, ही बातमी बऱ्याच जणांच्या वाचनात आली असेल. १० जुलै २०२५ ला तिथल्या सरकारने जाहीर केले की एक टक्क्यापेक्षा जास्त शिसे असलेले छर्रे आणि तीन टक्क्यांपेक्षा जास्त शिसे असलेल्या गोळ्या बंद करायच्या. कायदा झाल्यापासून बदलासाठी तीन वर्षे दिली आहेत, म्हणजे २०२९ उजाडेल. युरोपीय संघात पाणथळ जागांवर आणि त्यांच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच बंद आहेत. उरलेल्या शिकारीच्या गोळ्या आणि मासेमारीची शिशाची वजने यांच्याविषयीचा मसुदा तिथल्या आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुढे आणला. डेन्मार्कने छर्रे १९९६ लाच बंद केले होते, एप्रिल २०२४ पासून रायफलच्या गोळ्याही.

वाचून मी पान उलटले. आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव कायदा आहे, शिकारच बंद, आपला काय संबंध? आणि मग मला आमच्या घरची पळी आठवली.

आमचे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. कुळागर म्हणजे माडा-पोफळींची बाग, थोडे काजूचे भाट, डोंगराच्या पायथ्याशी भातशेत. आजोबांच्या नावावर पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक होती, पुढे तो परवाना बाबांच्या नावावर झाला. भात पोटरीला आले की एक दुपार शिसे ओतायची ठरलेली असे. शिशाचे जुने तुकडे लोखंडी पळीत घालून पळी चुलीच्या निखाऱ्यांवर ठेवायची. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्याला भट्टी लागत नाही. आधी तुकड्यांचे कोपरे गोल होतात, मग सगळे एकदम खाली बसते आणि वर करडी साय धरते. आजोबा काटकीने ती साय बाजूला सारत आणि खालचे आरशासारखे शिसे आम्हाला दाखवत. ते पाण्यात पडताना होणारा चर्र आवाज ऐकायला आम्ही पोरे चुलीला चिकटून बसायचो. थंड झालेले दाणे वेचायचे काम आमचे. वाकडे वेगळे, गोल वेगळे. बोटे काळी व्हायची. ती फडक्याला पुसून तिथेच पोहे खायचे. पळी राखेने घासली की परत फळीवर. संध्याकाळी आजी त्याच पळीत डाळीची फोडणी करायची.

कुणाचाही दोष नव्हता. कुणाला माहीतच नव्हते.

आपल्या देशाने २००० साली पेट्रोलमधून शिसे काढले. घरगुती रंगांत ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. बंदुकीतल्या शिशावर मात्र आपण बोलत नाही. बोलायला हवे असे मला मनापासून वाटते, आणि ते शेतकऱ्याला चोर न ठरवता बोलायला हवे. तुमचे काय म्हणणे?

अडई
रविवार, सकाळी ९.३५

धाग्याबद्दल आभार, वाटसरूबाब. मी गेली अनेक वर्षे करमळीच्या तळ्यावर पक्षी बघतो. कोकण रेल्वेने करमळी स्टेशनवर उतरणाऱ्यांना ते तळे ठाऊक असेल. हिवाळ्यात तिथे अडया, तलवार बदके, भुवई बदके उतरतात.

बदकाला दात नसतात. दाणे दळायला ते बारीक खडे गिळते आणि ते खडे पोटातल्या पेषणीत ठेवते. चिखलात पडलेला छर्रा त्याला खड्यासारखाच दिसतो. पेषणीत तो इतर खड्यांवर घासतो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात जाते. पंख लोंबायला लागतात, पक्षी खात असूनही वाळत जातो, शेवटी बांधाच्या गवतात जाऊन बसतो. लहान बदकाला पोटात राहिलेले एक-दोन छर्रेही पुरतात. बारा बोरच्या ३० ग्रॅमच्या सहा नंबरच्या काडतुसात पावणेतीनशेच्या वर छर्रे असतात. बहुतेक सगळे नेम चुकून जमिनीतच जातात आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतात.

अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे १९९१ मध्ये देशभर बंद केले ते याचमुळे. कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांची गोष्ट तर आपल्या काळजाला भिडावी अशी आहे. १९८२ मध्ये फक्त २२ उरली होती. १९८७ मध्ये रानातली शेवटची पकडून पिंजऱ्यात वाढवली, पुन्हा सोडली, आणि सोडलेली परत शिशाने मरू लागली. कारण शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जात आणि त्यांत गोळीचे कण असत. शेवटी त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला, तो १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू झाला.

आपली गिधाडे आपण अशीच घालवली. तिथे शिसे, इथे डायक्लोफिनॅक. मेलेल्या गुरांतून औषध पोटात गेले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर आकाश रिकामे झाले होते. लहानपणी सांगाड्याभोवती गिधाडांचा घोळका बघितलेली माझी शेवटची पिढी. म्हणून कायद्याची वाट बघत बसणे मला परवडत नाही.

काजूबी
रविवार, दुपारी १.४०

दोघांचेही वाचले. मनापासून लिहिले आहे म्हणून मनापासूनच उत्तर देतो.

माझे भाट सांग्यात आहे. माकडे कोवळे नारळ पाडतात, अर्धा खातात, उरलेला टाकतात. रानडुक्कर एका रात्रीत सुरणाचा वाफा उलथून टाकतो. गवे आले तर कुंपण काय नि भात काय. नुकसानभरपाईचा अर्ज भरायला जितके दिवस मोडतात तितक्यात दुसरे पीक जाते. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि नेमके तेव्हाच पीक हाताशी आलेले असते. आम्ही शेतकरी आधीच या बंदुकीपायी इतक्या खेपा घालतो, त्यात आता काडतूस कोणते हेही सरकार ठरवणार?

दुसरे म्हणजे पोलादी छर्रे आमच्या बंदुकांत चालत नाहीत. नळी जुनी, पातळ. पोलाद शिशासारखे मऊ नाही, ते नळीला आतून ओरबाडते, तोंड आवळलेली नळी असेल तर ती फुगते. ज्याच्या हातात फुटेल त्याच्या घरी कोण जाणार आहे? लंडनला कायदा झाला म्हणून इथे घाई नको.

स्विंडनहून
रविवार, संध्याकाळी ६.०५

मी मूळचा बार्देशचा, आता स्विंडनला. आम्हा गोवेकरांची इथे मोठी वस्ती आहे. कामावरचे दोन इंग्रज मित्र शिकारीला जातात, त्यांच्याबरोबर मी शेतांवर फिरलो आहे. काजूबी म्हणतात तीच भीती मी त्यांच्या तोंडून शब्दशः ऐकली. आजोबांची बंदूक, पातळ नळी, पोलाद नको.

त्यांना बंदूकवाल्याने दिलेले उत्तर सांगतो. जुन्या नळीला बिस्मथ चालते. ते मऊ आहे आणि घनता शिशाच्या बरीच जवळ, शिसे ११.३ तर बिस्मथ ९.८. पोलाद ७.८ वरच थांबते, म्हणून पोलादाचा छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. बिस्मथ महाग पडते, हे खरे. वर्षाला चार-पाच बार काढणाऱ्याला ते जड जात नाही, रोज हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेमबाजीचा सराव करणाऱ्याला जाते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला १९९९ पासूनच बंदी आहे. तरी पुढे बाजारातली बदके तपासली तेव्हा दहांतली सुमारे सात शिशानेच मारलेली निघाली. २०२० मध्ये शिकाऱ्यांच्या नऊ संघटनांनी आपणहून जाहीर केले की पाच वर्षांत शिसे सोडू. पाच वर्षांनी दुकानांतले फेझंट, म्हणजे तिथले शिकारीचे पक्षी, तपासले तर जवळजवळ सगळ्यांत पुन्हा शिसेच. ही माणसे वाईट नाहीत, मी त्यांच्या घरी जेवलो आहे. पण दुकानात शिशाचे काडतूस स्वस्त आणि समोर असेल तर हात तिकडेच जातो. म्हणून आता विक्रीवरच बंदी येते आहे.

मासेमारीतले उदाहरण याच्या उलट आहे. इथे ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची गळाची वजने १९८७ पासून विकायला बंद आहेत, राजहंस मरत होते म्हणून. दुकानातूनच गेली, विषय संपला. राजहंस परत वाढले. आज इथला गळवाला पोरगा शिशाची गोळी ओळखणारही नाही.

पागेरवाली
रविवार, रात्री ९.५०

मासेमारीचे निघाले म्हणून लिहिते. एरवी मी फक्त वाचते.

माझे माहेर शापोऱ्याच्या काठी. माझी आई जाळी विणायची आणि दुरुस्त करायची. पागेर म्हणजे हाताने फेकायचे जाळे. त्याच्या घेराला खालून शिशाचे मणी लागतात, ओळीने, बोटभर अंतरावर. त्या वजनाने पागेर पाण्यात गोल उघडून तळाला बसते. मणी दोरीवर बसवायचा तर तो चेपावा लागतो. हातात दोरी, दुसऱ्या हातात सुई, मग चेपायचे कशाने? आई दातांनी चेपायची. पुढचे दहा-बारा मणी गालात धरून ठेवायची, एकेक जिभेने पुढे आणायची, दोरीवर ठेवून चावायची. बोलताना ते मणी दातांवर वाजायचे. आम्ही तिला काही विचारले तर ती तोंड न उघडता मानेनेच हो-नाही करायची. माझा धाकटा भाऊ तिच्या पोटात होता तेव्हाही.

आमच्या घरी बंदूक कधी नव्हती. तुमच्या धाग्याचे नाव वाचून मी पुढे जाणार होते, पण पळीचा परिच्छेद वाचला आणि हात थांबला. खाडीत तुटून पडणाऱ्या जाळ्यांचे शिसे कोण मोजतो? तळ खरवडणारे मासे, खेकडे, आणि ते खाणारे आपण.

डॉक्टर, कुणी असाल तर सांगा. आई आता बहात्तरची आहे. तिची हाडे दुखतात, हात थरथरतात. ते वयामुळेही असेल, मला ठाऊक आहे.

निदान
सोमवार, सकाळी ७.१५

ताई, मी फोंड्याला प्रॅक्टिस करतो. धाग्यावर रोग ठरवणे बरे नव्हे, तेव्हा जे पक्के माहीत आहे तेवढेच सांगतो.

शरीराला शिशाचा काडीचाही उपयोग नाही आणि रक्तात अमुक इतके चालते अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही. अमेरिकेत मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की लक्ष घालतात. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. रक्तातले शिसे महिन्या-दीड महिन्यात निम्मे होते, पण ते सगळे बाहेर जात नाही. पुष्कळसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. गरोदरपणात आणि म्हातारपणी हाडे झिजतात तेव्हा तेच परत रक्तात उतरते. म्हणून आईंची तपासणी आजही उपयोगाची आहे. शिरेतले रक्त घेऊन चाचणी होते, आपल्याकडून नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला जातो.

युनिसेफने २०२० मध्ये मांडले होते की जगातल्या तीनांतल्या एका मुलाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांत भारतातली साडेसत्तावीस कोटी. बॅटऱ्या, रंग, मसाल्यांतली भेसळ, भांडी अशी बरीच कारणे आहेत. बंदूक त्यांत लहान भाग असेल. पण ज्या घरात चुलीवर शिसे वितळते त्या घरापुरते ते लहान नसते. वाफ, राख, साय, बोटे, पळी, सगळे एका खोलीत.

आणखी एक. शिकारीचे मांस आंबट घालून शिजवले तर छर्र्यांतले शिसे जास्त उतरते, व्हिनेगर घालून केलेल्या प्रयोगांत ते दिसले आहे. आपल्याकडे रानातले मांस खाणे गुन्हाच आहे. तरी ज्यांच्या घरात ते कधीकाळी शिजले त्यांनी आपल्या मुलांचा विचार करावा.

एकविसावे कलम
सोमवार, दुपारी २.२०

कायद्याची बाजू थोडी मांडते. वकिली करते, घरी शेतीही आहे.

शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तो तेराव्या कलमात. त्यामुळे काजूबींचा परवाना ही कुणाची मेहेरबानी नाही. पण बंदूक ठेवण्याचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात रानडुक्कर संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. मारायचे तर अकराव्या कलमाखाली वनखात्याची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर, जिवावर बेतलेला प्रसंग सोडून, शेतकऱ्याने त्या बंदुकीने करायचे काय? बार काढून घाबरवायचे.

मग सांगा, घाबरवायला लागतो तो आवाज. आवाज दारूचा असतो, शिशाचा नव्हे. युरोपात शिकाऱ्याला शिशाच्या जागी दुसरा धातू शोधावा लागतो, कारण त्याला पक्षी पाडायचा आहे. आपल्या शेतकऱ्याला कायद्याप्रमाणे काही पाडायचेच नाही. त्याला बिस्मथही नको, पोलादही नको. आपला प्रश्न त्यांच्यापेक्षा सोपा आहे आणि आपण तो अजून मांडलेलाच नाही.

आणि यासाठी संसदेत नवा कायदा लागत नाही. रंगांतल्या शिशाचा नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीच आला, तसाच हाही येऊ शकतो. शस्त्रे हा केंद्राचा विषय, राज्य काडतुसावर बंदी घालू शकणार नाही. पण २०१७ च्या पाणथळ नियमांखाली अधिसूचित तळ्याच्या हद्दीत काय चालेल आणि काय नाही ही यादी राज्याच्या प्राधिकरणाला करता येते. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, गोव्यातले पहिले. तिथून सुरुवात करावी. गावच्या जैवविविधता समितीकडून ठराव गेला तर त्याला वजन येते.

काजूबी
सोमवार, रात्री ८.३०

वकीलबाई, तुमचा मुद्दा पटला आणि टोचलाही. खरे आहे, बहुतेक वेळा आम्ही वरच बार काढतो. तरी छर्रे घालतो, कारण बापाने घातले. ते जातात कुठे? आमच्याच भातात आणि खाली पाणी साचते त्या पोंयत. हा विचार माझ्या मनात आजवर आला नव्हता.

पण एक नोंदवून ठेवा. जनावर आवाजाला सरावते. पहिल्या आठवड्यात पळते, तिसऱ्या आठवड्यात मान वर करून बघते. तेव्हा शिसे सोडा म्हणणाऱ्यांनी कुंपणाचे, भरपाईचे आणि वेळेवर पंचनाम्याचे कलमही त्याच ठरावात घालावे. तेवढे असेल तर सही माझी पहिली.

अडई
सोमवार, रात्री ९.०५

काजूबी, ते कलम ठरावात पहिले घालू. पक्ष्यांचे त्यानंतर. माझ्याकडून एवढा शब्द.

केरीचा वाटसरू
शनिवार, सकाळी १०.४०

धागा वर काढतोय, सांगण्यासारखे झाले आहे म्हणून.

गावी गेलो होतो. बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. पागेरवालीताईंचा प्रतिसाद त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग उठून माळ्यावर गेले आणि पत्र्याचा डबा खाली आणला. त्यात आजोबांचे उरलेले शिसे होते, तराजूवर सव्वा किलो भरले, वर पांढरट भुकटी साचलेली. डॉक्टरांना फोनवर विचारले, ते म्हणाले झाडू नका, फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधा. शिसे जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे देणार आहोत. पळी मात्र बाबांनी हातातून सोडली नाही. आजीची म्हणून. ती खिळ्याला टांगून ठेवू, चुलीजवळ नाही, पडवीत, असे ठरले.

परवा संध्याकाळी शेतावर नुसत्या दारूचा बार काढला. माकडे गेली. उद्या परत येतील, ते काजूबी सांगतातच.

ठरावाचा मसुदा वकीलबाईंनी केला आहे, मराठीत आणि कोंकणीत. पुढच्या ग्रामसभेच्या आधी समितीला देऊ. जाळ्यांचा मुद्दा त्यात घालायचा का, यावर ताईंचे मत हवे आहे.

पागेरवाली
शनिवार, दुपारी १२.१५

घाला. पण बंदी असे लिहू नका. आमच्याकडे जाळे म्हणजे वर्षाची भाकरी असते. पर्याय द्या असे लिहा. माझ्या मामाने एका पागेराला शिशाऐवजी बारीक लोखंडी साखळी लावली आहे. गंज धरते, दोनेक वर्षांनी बदलावी लागते, आणि खडकाळ जागी अडकते. पण चिखलाच्या खाडीत चांगले बसते, मी काठावर उभी राहून बघितले. आई म्हणते तिच्या आजोबांच्या काळी भाजक्या मातीचे मणी असायचे, फुटले तर नवे भाजायचे. साखळीची किंमत आणि वजन मामाकडून लिहून घेते आणि इथे टाकते, म्हणजे मच्छीमार संस्थेपुढे ठेवता येईल.

डॉक्टर, सोमवारी आईला घेऊन येते. धाकट्या भावालाही आणते, तो आता चाळिशीचा आहे. सकाळी उपाशीपोटी यायचे का?

निदान
शनिवार, दुपारी १२.५०

नाही, ताई, या चाचणीला उपाशी राहायची गरज नाही. खाऊनपिऊन या. दहानंतर या म्हणजे गर्दी कमी असते. आणि आई अजून जाळ्याला हात लावत असोत वा नसोत, त्यांनी किती वर्षे हे काम केले ते त्यांना आठवून ठेवायला सांगा, मला लिहून घ्यायचे आहे.